दुभाष्याची बायको

"हे तुम्हीच लिहिलंय ना?" हेडक्लार्कांनी चहाच्या कपाशेजारी कागद ठेवले. आमच्या ह्यांच्या ब्लॉगची छापील पानं होती ती.

"हो," हे म्हणाले.

मी दारातच थबकले. हे कोर्टात दुभाषी. डोंगरातल्या आदिवासींची बोली ही ह्यांची मायबोली. साक्षीदार बोलला की न्यायाधीशांना सांगायचं, सव्वीस वर्षं हेच काम. ब्लॉगचं मला ठाऊक होतं. वाचणारे मोजून चाळीस, त्यातली एक मी, तीही चष्मा सापडला तर. आदिवासींसाठीचे कायदे त्यांना न विचारताच ठरतात, कोर्ट त्यांचं ऐकतं पण समजून घेत नाही, असलं काहीबाही. लिहू देत बापडे, म्हणून मी लक्ष घातलं नाही.

"वहिनी, तुम्हीच समजवा आता," हेडक्लार्क म्हणाले. "पेन्शनला अकरा महिने राहिलेत. त्या म्हाताऱ्याच्या नव्या वकीलबाई हा लेख अपिलात लावणार आहेत. साहेब भडकलेत. कोर्टाच्या माणसानंच कोर्टावर लिहायचं? आजच्या आज काढून टाका, मी प्रकरण मिटवतो."

तो म्हातारा मला लेखातून माहीत होता. वनखात्याची चौकी जाळल्याचा आरोप. "चौकी तूच पेटवलीस?" सरकारी वकिलांनी विचारलं. हो. मग त्याच्याच वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी तू घरीच होतास ना?" त्यालाही हो. कोर्टात हशा पिकला. म्हातारा लबाड ठरला आणि सात वर्षांसाठी आत गेला.

ह्यांच्या माणसांत मोठ्याच्या तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. समोरच्याचा मान राखायला 'हो' म्हणतात, कबुली म्हणून नव्हे. ह्यांना हे ठाऊक होतं. पण दुभाष्यानं बोललेलं तेवढं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, असा नियम. हे गप्प बसले. त्या गप्प बसण्यावरच तो लेख होता.

माझा जीव मात्र पेन्शनीत अडकलेला, खोटं कशाला बोलू? 'काढून टाका ना,' अगदी ओठांवर आलं होतं.

"मग काढताय ना?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"हो," हे जमिनीकडे बघत म्हणाले.

"सुटलो बुवा!" त्यांनी एका घोटात चहा संपवला आणि चपला घातल्या.

मी शहरातली. लग्न झाल्यावर ह्यांना विचारलं, निळे पडदे आवडले? हो. पिवळे? हो. माझी आई महिनाभर राहिली तर चालेल? हो. केवढा गुणी नवरा मिळाला म्हणून मैत्रिणींत मिरवले! खरं काय ते कळायला तीन वर्षं गेली. मनापासून पटलं की हे लगेच पुढचं विचारतात, कधी, किती, कुठे. नुसतं 'हो' म्हणून जमिनीकडे बघितलं, की ब्रह्मदेव आला तरी ते होणार नाही.

हे आता कपाच्या कडेवरून बोट फिरवत होते. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं पोचवलं ह्यांनी. ह्यांचं पोचवायला त्या घरात माझ्याशिवाय कोण होतं? अकराच महिने राहिले होते हो!

मी अनवाणीच फाटकापर्यंत धावले.

"भाऊजी, थांबा. ते नाही म्हणालेत."

"अहो, आत्ता माझ्यासमोर हो म्हणाले!"

"तुम्ही हुद्द्यानं मोठे, म्हणून. लेख राहणार. साक्षीला बोलावलं तर ते येणार. साहेबांना असंच सांगा."

"वहिनी, नोकरी जाईल त्यांची."

"जाईल," मी म्हणाले. शब्द गेला एकदाचा.

आत आले तर हे तसेच बसलेले.

"काय सांगितलंस त्यांना?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"अपील कधी लागणार म्हणाले?" ह्यांनी विचारलं. दोन्ही कप उचलून मोरीपाशी नेले आणि नळ सोडून, माझ्याकडे पाठ करून, ते विसळू लागले.