आधी उठायचं कुणी

"निळ्या निळ्या पाण्याला, भुलू नका कोणी, वरून दिसे समुद्र, आत उकळे गोणी," मियोकोने माइक हनुवटीपाशी धरून सूर लावला, आणि पहिल्याच ओळीला मागून कुणीतरी विचारले, "गोणी कसली हो, गाईडसान?"

"अंड्यांची, मासुको मावशी. गोणीभर अंडी सोडली तरी तुमचं बोलणं संपायच्या आत उकडून निघतील."

"मग कच्चीच राहतील. हिचं बोलणं अजून एकदाही संपलेलं नाही," दुसरी म्हणाली, आणि सगळी बस हसली.

मियोको एतोला जरा धीर आला. बाळंतपणाची सुट्टी संपवून ती आज पहिल्यांदा बसवर उभी होती. तीच निळी टोपी, तेच पांढरे हातमोजे, फक्त कोटाची वरची गुंडी लागत नव्हती म्हणून तिने तिथे रुमाल बांधला होता. डेपोप्रमुखांनी काल तोंड गोड करून सांगितले होते, "एतोसान, एक फेरी करून बघा. जमली तर तुमची बस तुम्हाला. नाही तर तिकीटखिडकी आहेच, बसून काम, बाळ असलेल्या बाईला तेच बरं." बरे कुणाला, हे मियोकोने विचारले नव्हते. खिडकीत बसून माणूस फक्त सुटे पैसे परत देतो. तिला बोलायचे होते. जपानमधल्या या बेप्पू शहरात उकळत्या झऱ्यांना नरक म्हणतात आणि त्या नरकांची फेरी गाण्याच्या चालीत सांगणाऱ्या गाईड आता बोटावर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. बाकीच्या बसमध्ये यंत्र बोलत असे. यंत्राला मध्येच कुणी गोणी कसली हे विचारत नाही.

आजची मंडळी डोंगरातल्या एका गावची. झाडांच्या ओंडक्यांवर अळंबी पिकवणाऱ्या बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या. दरवर्षी अळंबीचा मोसम सुरू व्हायच्या आधी, थंडी असतानाच, त्या एका दिवसाची सहल काढत. पहिल्या सीटवर शिगेनो आजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, पाठ ताठ, हातात काठी नाही. तिच्या मागच्या सीटवर तिची सून फुसाए, गावच्या महिला मंडळाची चिटणीस. गावात कुठेही जायचे तर शिगेनो आजी पुढे आणि बाकीच्या मागे. मंदिरात, शेतात, लग्नात. बसमधूनही आधी आजी उतरत, मग बाकीचा घोळका.

"इतकी वर्षं सासूनं नरक फुकट दाखवला," समुद्र-नरकाच्या फाटकाशी मासुको मावशी म्हणाल्या, "आणि आता तिकीट काढून बघतोय."

"ऐकू येतंय मला," पुढून शिगेनो आजी म्हणाल्या.

"तुमच्याबद्दल नाही हो, आजी. माझी सासू कधीच गेली."

"मग ती इथंच असेल. सांभाळून बोल."

दुपारी शहराच्या कान्नावा भागात जमिनीतून येणाऱ्या वाफेवर शिजवलेला भोपळा, रताळी, कोबी आणि डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या झाल्या. ड्रायव्हर अनामीसाननी गाडी अरुंद बोळात मागे घेतली तेव्हा मियोकोने पाठीमागे उभे राहून शिट्टी वाजवली, आणि ती शिट्टी चुकली नाही. सगळे नीट चालले होते. फक्त छाती दगडासारखी झाली होती. लेकीला, कोनात्सुला, पाळणाघरात सोडून किती वेळ झाला हे तिला घड्याळाशिवाय कळत होते.

मग स्नान. मंडळाने तिथल्याच एका गल्लीतले जुने स्नानगृह ठरवले होते, दगडी हौदाचे. गाईडने पाहुण्यांसोबत पाण्यात उतरायचे नाही, हा कंपनीचा नियम. मियोको बाहेरच्या बाकावर बसून होती. ठरलेली वेळ झाली, कुणी बाहेर आले नाही. आणखी थोडा वेळ गेला. शेवटी स्नानगृहाची मालकीण पडदा बाजूला करून आली.

"गाईडसान, तुमच्या बायका येईनात. मी दोनदा हाक मारली. पाणी आज जरा कडक आहे हो, मला भीती वाटते."

मियोको बूट काढून आत गेली. वाफेत आधी काही दिसेना. मग डोकीच डोकी दिसली, प्रत्येकीच्या डोक्यावर घडी घातलेला पांढरा पंचा, आणि पंच्याखाली उकडलेल्या कोळंबीसारखे लाल चेहरे.

"मंडळी, रक्त-नरक आपली वाट बघतोय. चला, निघूया."

"छान आहे हो पाणी," एकीने डोळे मिटूनच सांगितले.

"काही घाई नाही," दुसरी म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा होता.

कुणी हलले नाही. मासुको मावशी काठाशी होत्या. मियोको वाकली तशी त्या ओठातल्या ओठात पुटपुटल्या, "आजी उठल्याशिवाय कशी उठू? तुम्हीच सांगा त्यांना. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

हौदाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात शिगेनो आजी गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या होत्या. "पोरींना बसू दे गं," त्या म्हणाल्या. "वर्षातून एकदा येतात बिचाऱ्या. मी उठले तर सगळ्या उठतील."

पोरी मान डोलावत होत्या, आणि शिजत होत्या.

हसू येण्यासारखीच गोष्ट होती. आजी पोरींसाठी बसल्यात, पोरी आजींसाठी. पण मियोकोचे लक्ष आजींच्या हाताकडे गेले. पाण्याखाली त्यांनी दगडाची कड घट्ट धरली होती, बोटांची पेरे पांढरी पडेपर्यंत. ती पकड मियोकोला ओळखीची होती. नवव्या महिन्यात ती स्वतः घरच्या टबात अशीच कड धरून बसली होती, कारण उठताच येत नव्हते, आणि नवऱ्याला हाक मारायची लाज वाटत होती.

तिने क्षणभर डेपोप्रमुखांचा विचार केला. मग टोपी काढली, हातमोजे काढले, कपडे टोपलीत ठेवले, रीतीप्रमाणे बादलीभर पाणी अंगावर घेतले आणि हौदात उतरली.

"अरे वा, गाईडसानही आल्या," कुणीतरी म्हणाले.

"मंडळी, आपली बस थांब्यावर आली आहे," मियोकोने तिच्या रोजच्या चालीत सुरुवात केली. माइक नसला तरी आवाज दगडी भिंतींवर छान घुमला. "या बसला दार एकच. दाराजवळच्या आधी उतरतील, मग मधल्या, मागच्या सीटवरच्या सर्वांत शेवटी. धक्काबुक्की नको. उतरल्यावर थंड पाणी प्यायचं. मासुको मावशी, तुमचा थांबा आला."

गाईडने उतरा म्हटले की उतरायचे, ही सवय हाडात भिनलेली. मासुको मावशींनी एकदा आतल्या कोपऱ्याकडे पाहिले, मान झुकवली आणि उठल्या. मग दुसरी, मग तिसरी. एकमेकींना धरत, पाणी निथळत, हायसे वाटून सुस्कारे सोडत सगळी रांग बाहेर पडली. फुसाए तेवढ्या घुटमळल्या.

"आई, मी थांबते."

"जा तू. चपलांकडे बघ. दरवर्षी कुणीतरी दुसरीच्या घालून जातं."

फुसाए गेल्या. दार सरकून बंद झाले.

"म्हणे बस! नसती हुशारी," शिगेनो आजी म्हणाल्या. पण रागाने नाही. "केव्हा ओळखलंस?"

"हातावरून."

"गुडघे. आत बसले तेव्हा ठीक होते, मग मेल्यासारखे झाले." त्या थांबल्या. "फुसाएसमोर नको होतं. चाळीस वर्षं ती माझ्या मागून चालतेय. तिनं मला सगळ्या गावासमोर पोत्यासारखं उचलायचं..."

"उचलायला नकोच कुणी. पाणीच उचलेल. तुम्ही माझ्या खांद्याला धरा फक्त."

ती आजींच्या समोर सरकली, त्यांचे हात खांद्यावर घेतले. तेवढ्यात तिला जाणवले. गरम पाण्याने सकाळपासूनचा दगड विरघळला होता. दूध आपोआप वाहत होते, पाण्यात पांढरे धागे सुटत होते. सार्वजनिक पाणी, पाहुण्यांचा हौद. मियोकोचा चेहरा त्या वाफेतही आणखी तापला. हात आजींना धरण्यात गुंतले होते, झाकायचे तरी कशाने?

शिगेनो आजींनी डोक्यावरचा पंचा काढला आणि तिच्या छातीवर टाकला.

"किती महिन्यांचं?"

"अकरा. मुलगी आहे. कोनात्सु."

"गरम पाण्यात होतंच असं. मीही अळंबीच्या रानात दिवसभर ओंडके उलटे-सुलटे करून घरी यायची, न्हाणीत बसायची आणि दोन्हीकडून वाहायचं, छातीतून आणि डोळ्यांतून. सासू बाहेरून म्हणायची, किती वेळ लावतेस." त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटले. "लाजू नको. हे पाणी जमिनीच्या पोटातून येतंय. त्यानं याहून काय काय पाहिलं असेल."

पाण्याने खरेच उचलले. पायरीपर्यंत आजी हलक्या होत्या, पायरीवर मात्र जड झाल्या. मियोकोने दात आवळून त्यांना बाकावर बसवले, पायांवर गार पाणी घातले, पाठ पुसली. आजींना चक्कर यायची थांबेपर्यंत घाई केली नाही. दोघी बाहेर आल्या तेव्हा आजी स्वतःच्या पायांनी चालत होत्या, पाठ ताठ, एक हात मियोकोच्या कोपराला जेमतेम टेकलेला, जणू गाईडलाच वाट दाखवत होत्या.

उशीर व्हायचा तो झालाच. रक्त-नरकाचे फाटक बंद होण्याआधी पोचणे शक्य नव्हते. बस सुटल्यावर मियोकोने सगळ्यांसमोर कमरेतून वाकून सांगितले, "लाल तळं आज राहिलं. वेळेचा अंदाज मी चुकवला. माझी चूक आहे. माफ करा."

फुसाए उठून पुढे आल्या. त्यांचा आवाज शांत होता, म्हणूनच जास्त लागला. "गाईडसान, आमच्या बायका वर्षातून एकदा बाहेर पडतात. तुम्ही स्वतः अंघोळीला उतरलात आणि आम्ही बाहेर थंडीत उभ्या. मला हे कंपनीला कळवावं लागेल. मंडळाच्या वतीनं कळवणं माझं काम आहे."

"हो. जरूर कळवा."

अनामीसान सहसा बोलत नसत. स्टिअरिंगवर वाकूनच ते मियोकोला म्हणाले, हळू म्हणून, पण त्यांना कमी ऐकू येत असल्याने मोठ्याने, "झालं. आजची फेरी बिघडली की खिडकीवर बसवणार होते ना तुला? बस आता खिडकीवर. तू उगाच पाण्यात उतरणारी नाहीस. खरं काय ते सांगत का नाहीस?"

मियोको समोर बघत उभी राहिली. बस डोंगराला लागली, मागे सगळ्या बेप्पूतून वाफेचे खांब वर जात होते.

पहिल्या सीटवरून हात पुढे आला. "ते इकडे दे."

"काय, आजी?"

"माइक."

मागे टाळ्या पडल्या. परतीच्या वाटेवर गाणी म्हणायचीच असतात आणि पहिले गाणे शिगेनो आजींचे.

"गाणार नाहीये," आजी म्हणाल्या. माइक त्यांनी नीट, दोन्ही हातांत धरला. "न्हाणीत मी बसून राहिले ते तुमच्यासाठी नाही. मला उठताच येत नव्हतं. गुडघे गेलेत माझे. तुम्ही माझ्यामुळे उकडत बसलात आणि मी वर उपकार केल्यासारखं बोलले. या मुलीनं मला बाहेर काढलं आणि दोष स्वतःवर घेतला. उशीर माझा आहे. फुसाए, कळवायचं तर हे कळव."

सगळ्यांच्या माना पहिल्या सीटकडे वळल्या.

"आजी," मागून मासुको मावशी म्हणाल्या, "मी तर दोनदा माझ्या मेलेल्या सासूला भेटून आले."

"मग उठायचं नाही का?"

"तुमच्या आधी?"

आधी एक हसली, मग दोघी, मग सगळ्याच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. फुसाए तेवढ्या हसल्या नाहीत. त्या आपल्या जागेवरून उठल्या, पुढे आल्या आणि सासूच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर बसल्या. त्या सीटवर आजवर नेहमी आजींची पिशवीच बसत आली होती. फुसाएंनी ती मांडीवर घेतली.

"केव्हापासून, आई?"

"पहिल्या थंडीपासून."

"मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर रागावून हळू चालता."

"थोडं तेही होतं," आजी म्हणाल्या.

मियोकोने खिडकीकडे तोंड केले. थोड्या वेळाने फुसाए तिच्यापाशी आल्या, कमरेतून वाकल्या, आणि अनामीसानना म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसशी बोलता येईल का मला?"

वरच्या वळणावर गाडी थांबवून अनामीसाननी फोन लावून दिला. फुसाए बराच वेळ बोलल्या, हवेतच दोन-तीनदा मान झुकवली, आणि फोन परत केला. पलीकडून डेपोप्रमुख अनामीसानना काहीतरी म्हणाले. "हं," अनामीसान म्हणाले, "हं. सांगतो." फोन ठेवून त्यांनी गिअर टाकला.

"उद्या सातला ये म्हणतायत. शाळेची सहल आहे. दंगा करतील पोरं, घसा शेकून ये."

गावात पोचेपर्यंत ऊन उतरले होते. चढणीच्या तोंडाशी बस थांबली. मियोको आधी उतरली आणि दाराशी उभी राहिली. शिगेनो आजी पायऱ्यांपाशी आल्या, थांबल्या, मागे न बघता हात मागे केला. "फुसाए, धर."

त्या दोघी उतरल्या. पाठोपाठ बाकीच्या उतरल्या आणि नेहमीप्रमाणे आजींच्या मागे रांग धरून उभ्या राहिल्या. आजींनी समोरची चढण पाहिली. मग सुनेच्या हातावर भार टाकून त्या रस्त्याच्या कडेला झाल्या.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "चुली पेटवायच्यात."

कुणाचा पाय उचलेना. शेवटी मासुको मावशी निघाल्या. आजींसमोरून जाताना त्या वाकल्या, आणि मग एकेक जण तशीच वाकून पुढे जात राहिली. आजी प्रत्येकीला मान झुकवून उत्तर देत होत्या, पाठ ताठ ठेवून, जणू प्रत्येकीला निरोप द्यायलाच त्या तिथे थांबल्या होत्या. शेवटची वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा सासू-सुना चढू लागल्या.

गाईडने पाहुणे दिसेनासे होईपर्यंत हात हलवत उभे राहायचे असते. त्या दिवशी मियोको पुष्कळ वेळ उभी राहिली. अनामीसाननी इंजिन बंद करून टाकले.