माझ्या पोटातले एकोणीस कण

मी एक लेन्स बोलतेय. झूम लेन्स. लांबचं जवळ आणणारी, असं माझ्या खोक्यावर छापलं होतं. खोकं केव्हाच गेलं, फुशारकी तेवढी राहिली.

माझ्या पोटातला धुळीचा कण न् कण एकदा काढला गेला आणि आज मी जवळजवळ निकामी आहे. कण होते तेव्हा ठणठणीत होते. हे कसं झालं ते सांगते. सांगताना थोडी स्वतःचीच फजिती होईल, पण माझ्या वयाला आता त्याचं काही वाटत नाही.

ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे माणसं पांढरे झगे घालून, डोकी-तोंडं झाकून हळू चालत. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकत. अशा माहेरच्या मुलीला सासर मिळालं झाशी! इथे एप्रिल लागला की लू, म्हणजे धुळीचा तापलेला वारा, सुटते. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं.

आधी मी बबीना छावणीतल्या एका मेजरसाहेबांकडे होते. त्यांची बदली झाली आणि मी जगन्नाथरावांच्या घरी आले. यांचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आले, ते परत गेलेच नाहीत. जगन्नाथराव मात्र कुठल्या लढाईला न जाता रोज बसने मोठ नावाच्या गावी जातात. तिथल्या एका इंटर कॉलेजात ते प्रयोगशाळा सहायक आहेत. नीटनेटकेपणा त्यांच्या हाडात मुरलेला.

आता माझी रचना सांगते. माझी नळी पुढे सरकते, मागे येते. पुढे सरकताना सायकलच्या पंपासारखी हवा आत ओढते. हवेबरोबर जे यायचं ते येतं. माझा दोष एवढाच की मी श्वास घेते.

जगन्नाथराव दर रविवारी मला उचलून आत टॉर्च मारत आणि वहीत लिहीत. "कण चौदा. एक तंतू, बहुधा लोकरीचा." पुढच्या रविवारी, "कण चौदा. तंतू जरा सरकला आहे." एवढ्या बारकाईने माझ्याकडे मेजरसाहेबांनीही कधी पाहिलं नव्हतं. मी सुखावले.

खंडेनवमीला या घरात शस्त्रपूजा होते. पाटावर आजोबांची तलवार, शेजारी स्कूटरची किल्ली, पाना-पक्कड आणि कॅमेऱ्यासकट मी. पहिल्याच वर्षी बकुळाबाईंनी, म्हणजे जगन्नाथरावांच्या पत्नींनी, हळदकुंकवाची कोयरी माझ्याकडे वळवली तसे हे ओरडले, "अगं, भिंगावर नको!"

"तलवारीला लावलं, पक्कडीला लावलं, मग हिलाच कोरडी ठेवू? बाईमाणूस आहे ती."

"झाकणाला लाव. झाकणाला."

त्यांनी झाकणालाच लावलं. पण चिमूटभर कुंकू नळीच्या खाचेत सांडलं. आत गेलं की काय, हे बघायला जगन्नाथरावांनी नळी पुढे ओढली. मी श्वास घेतला. तोवर गेलं नव्हतं, ते आता गेलं.

वहीत नोंद झाली, "कण पंधरा. पंधरावा लाल." दर नवमीला एकेक वाढत एकोणीस झाले. सगळ्या जगात पोटातून कुंकू लावलेली लेन्स मी एकटीच असेन.

या घरात एक मुलगी आहे, स्वराली. सतरा वर्षांची, हॉकीत फॉरवर्ड. तीन वर्षांपूर्वी भर सामन्यात चेंडू तिच्या डाव्या भुवईवर बसला. पाच टाके पडले. बकुळाबाई समोर बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्या मैदानावर गेल्या नाहीत. बबीन्याच्या सुभेदाराची लेक, तोफांच्या आवाजात वाढलेली, पण मुलीचा सामना असला की घरात तांदूळ निवडत बसायची. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची.

एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मला ती खेळताना बघायचीय. चालू खेळ बघवत नाही. एक फोटो आणा. खेळतानाचा, तोंड दिसेल असा. फोटोत चेंडू थांबलेला असतो."

तेव्हापासून आम्ही नऊ सामने पाहिले. नऊ सामन्यांत आम्ही टिपलं ते असं : पाठमोऱ्या मुली, पंचांचे बूट, एक रिकामा गोल, आणि मैदानात शिरलेलं एक कुत्रं. कुत्रं फारच रेखीव आलं होतं.

कारण सांगते. मैदान मातीचं. मला धूळ लागू नये म्हणून जगन्नाथराव सगळ्यात वरच्या पायरीवर बसत, मला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळत आणि वर झाकण लावत. स्वरालीकडे चेंडू आला की पिशवी काढायची, झाकण काढायचं, रबरी फुग्याने फुंकर मारायची. तेवढ्यात गोल होऊन मुली माघारी निघालेल्या असत.

"आतल्या धुळीमुळे धूसर येतंय," ते घरी सांगत.

ते खोटं होतं, हे मला ठाऊक होतं. हात हलला होता, वेळ चुकली होती. पण मी गप्प राहिले. आजारी माणसाचा असतो तसा मान मला मिळत होता, तो सोडवेना.

मे महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. स्वरालीची लखनौच्या क्रीडा वसतिगृहात निवड झाली, मंगळवारी निघायचं ठरलं. आणि आदल्या रविवारी, समथरच्या संघाशी, तिचा झाशीतला शेवटचा सामना ठरला.

"ह्या वेळी तरी," बकुळाबाई एवढंच म्हणाल्या.

जगन्नाथराव मला घेऊन सदर बाजारात कुशलकडे गेले. तो कॅमेरे दुरुस्त करतो. त्याने मला उजेडात धरलं, एक फोटो काढून पाहिला आणि परत दिलं.

"भाईसाहब, अंदर की धूल फोटो में नहीं आती."

"उन्नीस कण हैं, कुशल. लिखकर रखे हैं."

"लिखिए, जरूर लिखिए. खोलिएगा मत. धूल नहीं आती फोटो में, आपका पेचकस आ जाएगा."

पेचकस म्हणजे स्क्रूड्रायव्हर. हे ऐकून कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पण सहा वर्षं रविवारी टॉर्च मारणाऱ्याला शहाणा कोण म्हणेल? आणि त्या टॉर्चने लाडावलेल्या मला तरी?

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी गीझर लावून न्हाणीघरात वाफ केली. वाफेने हवेतली धूळ खाली बसते, असं कुठेतरी पाहिलं होतं. कपड्यांचे धागे उडतात म्हणून फक्त चड्डीवर आत गेले. पालथ्या बादलीवर ताट, ताटात मी. माझ्या नावाची कडी निघाली, तीन स्क्रू निघाले, पुढची काच निघाली.

बाहेरून कडी वाजली. "अहो, दीड तास झाला. आंघोळ करताय की अभिषेक?"

"ऑपरेशन चाललंय."

"कुणाचं?"

"आई," बाहेरून स्वरालीचा आवाज आला, "बाबा लेन्स को नहला रहे हैं."

कण एकेक करून गेले. तो तंतूही गेला. लाल कण निघाले तेव्हा मला मुक्कामी पाहुणे गेल्यासारखं हलकंही वाटलं आणि चुकल्याचुकल्यासारखंही. पण काचेखाली, काच नेमक्या अंतरावर ठेवणारी, पितळेची एक चकती असते, कागदाइतकी पातळ. ती ओल्या बोटाला चिकटली, बोट झटकलं गेलं, आणि चकती मोरीच्या जाळीतून गेली. मला कळलं. त्यांना नाही कळलं.

वहीत लिहिलं, "कण शून्य." त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला.

रविवारी सकाळी आम्ही वरच्या पायरीवर. जगन्नाथरावांनी मला पूर्ण लांब केलं आणि डोळा लावला. समोर नुसतं ताक! रिंग इकडे फिरवली, तिकडे फिरवली, चष्मा पाच वेळा पुसला. सहा वर्षांत मी कधीच इतकी स्वच्छ नव्हते आणि मला दहा पावलांपलीकडची म्हैस दिसली नसती.

"गेली," ते स्वतःशीच म्हणाले. अर्धा सामना संपला होता. घरी कोणीतरी तांदूळ निवडत होतं.

मग त्यांनी मला आखूड केलं. तिथे अजून स्वच्छ दिसत होतं, पण मुली मुंग्यांएवढ्या. मला वाटलं, आता पिशवीत घालतील. ते उठले. चपला हातात घेऊन पायऱ्या उतरले आणि थेट मैदानाच्या कडेला, समथरच्या गोलाशेजारी जाऊन गुडघ्यावर बसले. पिशवी नाही, झाकण नाही. मी आजवर लांबचं जवळ आणते म्हणून मिरवत होते. त्या दिवशी तो माणूसच उठून जवळ गेला.

"अंकल, लाइन के पीछे!" पंच ओरडले.

"पीछे ही हूँ, भैया," म्हणत हे तसूभर मागे सरकले.

शेवटची मिनिटं. स्वराली धावत आली. काठी उचललेली, केस कपाळाला चिकटलेले. "दे! इधर दे!" मातीचा लोट आमच्यावर आला. मी नाकातोंडातून धूळ ओढली आणि जगन्नाथरावांनी बटण दाबलं. एकदाच.

पास काही आला नाही. सामना आम्ही दोन-एकने हरलो.

घरी बकुळाबाईंनी आधी मुलीचं कपाळ बघितलं, कोपरं बघितली, मगच कॅमेरा हातात घेतला. त्या छोट्या पडद्यावर आकाशापर्यंत माती होती आणि मातीच्या मधोमध स्वरालीचा चेहरा, भुवईवरच्या टाक्यांच्या खुणेसकट.

"कुणावर रागावलीय ही?"

"रागावली नाही. पास मागतेय."

बकुळाबाईंनी पडद्यावरच्या भुवईवर अंगठा ठेवला. "घरी कधी एवढ्या जोरात पोळीसुद्धा नाही मागितली."

"आई, घर में मिल जाती है ना," स्वराली म्हणाली. मग दोघी हसल्या, आणि हसता हसता बकुळाबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या.

मंगळवारी मुलगी लखनौला गेली.

आता ऑगस्ट आहे. मी कपाटातल्या वरच्या खणात असते. सामन्यात ओढलेल्या धुळीने पोट पुन्हा भरलंय, पण टॉर्च मारायला कोणी येत नाही. पुढच्या आठवड्यात स्वरालीचा तिथला पहिला सामना आहे. काल पिशव्या भरणं चाललं होतं. जगन्नाथरावांनी मला खाली काढलं, पुसलं आणि म्हणाले, "कुशलकडे टाकून बघू का? निदान थोडं तरी दिसेल."

"ते नळकांडं राहू दे घरी," बकुळाबाई म्हणाल्या. "तिकिटं दोन काढलीत ना? मी बघणार आहे. चालू खेळ."

जगन्नाथरावांनी मला परत खणात ठेवलं, झाकणही लावायला विसरले.

तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल, तर तिला उघडू नका. तिला वापरा, मळू द्या. माझं म्हणाल तर मला वाईट वाटायला हवं होतं, पण काल ते जमलंच नाही. त्या दोघांना लखनौला जागा मात्र गोलाशेजारची मिळो.