न लागणारा दिवा

द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात गाडी वर उचलून धरलेली होती. मेकॅनिक रूपालीने स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर खोचली. "काका, मी चाकं फिरवते. पडद्यावरचे आकडे वाचाल?"

पुंजारामांची सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेली. वाचायला सांगितलं की त्यांना बरं वाटे. पुढच्या चाकांचे आकडे आले, मागच्या उजव्याचाही आला. मागचं डावं गरगर फिरत होतं आणि पडद्यावर शून्य.

"माझ्या चष्म्याचा दोष असेल," ते म्हणाले.

"चष्मा ठीक आहे. सेन्सर मेलाय. एका चाकाचा वेग कळेनासा झाला की एबीएस बंद पडतं. मग ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबला की चाकं जाम होतात, गाडी घसरत जाते."

आठ महिन्यांपूर्वी इगतपुरीच्या रस्त्यावर तसंच झालं होतं. गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली आणि शेजारी बसलेल्या सुमनबाईंचा खुबा मोडला. जावई राकेश दवाखान्यात सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबांचा पाय चुकला. वय झालं आता." पुंजारामांनी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. पाय ब्रेकवरच होता ना? पुढे पुढे त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना. आता गाडी विकायची ठरली, तेव्हा एकदा खात्री करावी म्हणून ते कुणाला न सांगता, भीत भीत, ती इथवर चालवत आले होते.

"डॅशबोर्डवर दिवा लागत नव्हता?" रूपालीने विचारलं.

किल्ली फिरवली की एबीएसचा दिवा क्षणभर लागून विझतो, बिघाड असला तर जळत राहतो. गाडीबरोबरच्या पुस्तकात त्यांनी हे वाचलं होतं, पान एकशे बारा. आपला दिवा मुळीच लागत नाही हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. राकेशला त्यांनी विचारलंही होतं. गाडी आधी त्याचीच. तो हसला होता. "पुस्तकातलं सगळं गाडीत नसतं, बाबा. दिवा नाही म्हणजे गाडी ठणठणीत."

रूपालीने मीटर उघडलं. दिव्यावर काळी टेप चिकटवलेली होती.

"हे मुद्दाम केलंय. आणि बिघाड पहिल्यांदा नोंदलाय एकेचाळीस हजार किलोमीटरला. तुमच्याकडे आली तेव्हा किती चालली होती?"

"चव्वेचाळीस हजार."

तिने स्कॅनरवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "नोंद पुसू?"

"नको. कागदावर छापून द्या."

घरी सुमनबाईंनी वॉकरला टेकून तो कागद वाचला. टेपचंही ऐकून घेतलं.

"माझा पाय ब्रेकवरच होता, सुमन."

"माहीत आहे. मी बघत होते की. गुडघा ताठ झाला होता तुमचा."

"मग आठ महिने बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर सगळं गाडीवर आलं असतं. गाडी कुणाची? आपल्या तेजलला राकेशच्याच घरी नांदायचंय." त्या वॉकर सरकवत वळल्या. "आणि तुमचं काय, तुम्ही तसेही स्वतःलाच दोष देत बसता."

फोन वाजला. राकेश होता. "बाबा, संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. गाडी पुसून ठेवा."

"येऊ दे. त्याला एक कागद वाचून दाखवायचाय."

"कसला कागद?"

स्वयंपाकघराच्या दारात वॉकरची टकटक थांबली. पुंजारामांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि फोनवरच पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.