कव्हरखालचं बक्कल

"अहो, कात्री कसली घालताय? महिनासुद्धा झाला नाही कव्हर शिवून!" डॉक्टर पायऱ्या उतरता उतरताच ओरडले.

कव्हरवाल्याने मान वर केली नाही. गाडीच्या मागच्या सीटवर गुडघा टेकून तो स्वतःच्याच शिलाईवर कात्री चालवत होता.

"मागच्या पट्ट्यांची बक्कलं खाली दाबली गेलीत, डॉक्टरसाहेब. मीच दाबलीत."

"मीच म्हणालो होतो ना, टोचतात म्हणून? मागे कोण लावतं पट्टा!"

वीस वर्षं गिऱ्हाइकं हेच म्हणत आली होती. तोही बक्कलं फटीत ढकलून वरून कव्हर ताणून बसवायचा. एक सुरकुती दिसायची नाही. त्याच्या हाताचं नाव झालं ते त्यामुळेच.

पण पंधरा दिवसांपूर्वी पोस्टमास्तरांची अपघातात चेपलेली गाडी त्याच्या दुकानाशेजारच्या गॅरेजात ओढून आणली. पुढे पट्टा लावून बसलेल्या मास्तरांचा नुसता खांदा दुखावला होता. मागे बसलेली त्यांची बायको गेली.

"पट्टा ओढला होता हो तिने," गाडीतलं सामान न्यायला आलेले मास्तर म्हणाले. "अडकवायला जागाच सापडेना. शेवटी सोडून दिला."

कव्हरवाला पुढे झाला. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं.

"जागा होती, मास्तर. मी शिवून टाकली."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवी उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी दुकान बंद करून तो बक्कलं मोकळी करायला जुन्या गिऱ्हाइकांच्या दारात जाऊ लागला. कुणी हसलं, कुणी वेड्यात काढलं. एका वकिलाने फाटकातूनच हाकललं. तिथे तो आणखी तीनदा गेला. शेवटी वकिलाने निमूट किल्ली हातात ठेवली.

डॉक्टरांच्या गाडीतलं बक्कल वर आलं. भोकाच्या कडा त्याने दुमडून शिवल्या. तेवढ्यात डॉक्टरांची आई मागे येऊन बसली.

"आजी, पट्टा."

"अरे, जीव घुसमटतो माझा."

"घुसमटू दे थोडा. तोवर मी काही दार लावत नाही."

"भलताच हट्टी आहेस रे!" म्हातारीने पट्टा ओढला. डॉक्टरांनी वाकून तो अडकवला. मग गाडीत बसून स्वतःचाही लावला.

पुढचं घर मास्तरांच्या मेव्हण्याचं. फाटकाशी मास्तरच उभे होते. कव्हरवाल्याचे पाय जागीच थबकले. परत फिरावं असं वाटलं, तरी तो फिरला नाही. पिशवीतून कात्री काढून खाली मान घालून गाडीपाशी गेला.

मास्तर सावकाश पुढे आले. त्यांनी दुखऱ्या खांद्याच्या हाताने मागचं दार उघडलं, आणि त्याचं काम होईपर्यंत ते धरून उभे राहिले.