कांताचा पहिला झुरका

मित्रांनो, बिडीच्या मुलखात येऊन पडलेला मी एक म्हातारा लाकडी पाईप. कुठल्याशा झुडपाच्या गाठाळ मुळातून मला कोरलं, एवढंच जन्माचं आठवतं. ताडोबात वाघ पाहून हरखलेल्या एका पाहुण्याने मला मोहर्लीच्या जिप्सीवाल्या रामाजीच्या हातात ठेवलं आणि मी इथलाच झालो.

रामाजीने पहिल्याच दिवशी माझे हाल केले हो! बिडी जरा सोडली की विझते, म्हणून ती सारखी ओढावी लागते. मलाही तो तसाच ओढत सुटला. मी तापलो, त्याची जीभ पोळली. बायको कांता खुदकन हसली. "काऊन जी, एवढे ओढून राह्यले? त्याले जरा दम घेऊ द्या ना!"

तंबाखू मुरवायची ती कांताच. खडखडीत वाळलेली मोहफुलं घालून बरणी उन्हात ठेवायची. संध्याकाळी सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, पहिला झुरका तिचा. मग डोळे मिटून ती चव सांगायची. धूर सावकाश वर जायचा, समोरचं जंगल निळं व्हायचं आणि मला वाटायचं, आपल्याला पुन्हा पानं फुटतायत. काय सुखाचे दिवस होते ते!

यंदा कांताला ताप आला. ताप उतरला, पण नाकाचा वास आणि तोंडाची चव घेऊन गेला. भात, भाजी, सगळं तिला मातीसारखं लागे. ती सपरीत येईना. मी कोनाड्यात धूळ खात पडलो. माझं सोडा, तिची रिकामी जागा बघवत नव्हती.

एके दिवशी रामाजीने माझी काजळी काढली, स्वतः भरलेली बरणी उघडली आणि कांताला हात धरून बाहेर आणलं.

"मले का समजते आता?" ती चिडली.

"तू बस फक्त. मी सांगतो."

त्याने एक झुरका घेतला आणि थांबला. इतका थांबला, की मी विझतो की काय असं वाटलं. "आधी गोड लागून राह्यलं," तो म्हणाला. "मंग भाजल्या शेंगाच्या टरफलावानी." पुन्हा एक, हळूच. "अन् शेवटी आंबट."

कांताने डोळे मिटले. "आंबट? मोहफुलं ओलीच भरली का जी तुम्ही?"

रामाजी ओशाळला. कांता मात्र किती दिवसांनी हसली!

"आणखी एक घ्या," ती म्हणाली. "घाई नोका करू. नीट सांगा मले."

मित्रांनो, माझ्या नादाला तुम्ही मुळीच लागू नका. पण घरात कोणाची चव गेली असेल, तर त्यांच्याजवळ बसून सावकाश जेवा आणि काय कसं लागतं ते सांगत राहा. कांताला अजून वास येत नाही. ती रोज सपरीत येते.