उभं राहिलेलं कीर्तन

कीर्तनकार एकदा उभा राहिला की आरती होईपर्यंत उभाच. तहान लागो, पाय भरून येवोत, बूड टेकायचं नाही. खानापूरकडच्या भरमू महाराजांनी हा दंडक जन्मभर पाळला. आरती झाली की ते मंडपाच्या खांबाला पाठ लावून खाली बसत, उजवा गुडघा कट्कन वाजे आणि तोंडातून एक लांबलचक ‘पांडुरंगा’ निघे. पोरंसोरं हसत, “महाराज बसलं, चला परसादाला.” घरी अंबुबाईही तेव्हाच जेवणाचं ताट पुढं ओढत. धनी उभे असताना त्यांनी कधी घास घेतला नाही.

महाराजांचं शेवटचं कीर्तन त्यांच्या लेकीनं, माधवीनं, मोबाईलवर उतरवलं होतं. आरती सुरू होताच तिनं चित्रण बंद केलं, कारण आरतीला दोन्ही हात मोकळे हवेत. देवासमोर टाळी वाजवायची सोडून मोबाईल धरून उभी राहील ती भरमू महाराजांची लेक कसली! पुढं पंधरवड्यात महाराज गेले. मागं उरलं ते तेवढंच कीर्तन, आरतीच्या तोंडाशी तुटलेलं.

माधवीनं ते घरच्या जुन्या लॅपटॉपवर घातलं. त्याची बिजागरी मोडलेली, झाकण धड मिटत नव्हतं. देवघराशेजारी भिंतीला टेकवून ठेवला होता. दिवेलागणीला अंबुबाई त्याच्यासमोर बसत आणि कीर्तन तुटलं की तशाच उठत. हळूहळू त्यांचं रात्रीचं जेवण सुटलं.

“आई, चार घास तरी खा.”

“ह्ये उभं हाईत अजून. मी कशी जेवू?”

अंबुबाईंचे गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. आणि एका संध्याकाळी परसातून आत येताना माधवीला चिपळ्या ऐकू आल्या. पडदा काळाच होता, वायरही काढलेली. ती उंबऱ्यात आली तशा चिपळ्या थांबल्या. घरात कुणी आलं की वडीलधारं माणूस बोलता बोलता थांबतं ना, अगदी तशा. तिच्या मानेवर काटा आला. तरी तिनं हात जोडले. बापच होता तो.

शनिवारी ती आईला घेऊन बेळगावात, संघर्ष नावाच्या ओळखीच्या पोराच्या लॅपटॉपच्या दुकानी गेली. तिच्या हिशेबाच्या कामाला लॅपटॉप लागणारच होता. त्यानं दोन काढून ठेवले.

“आक्का, ह्यो बघा. ह्येचं झाकण पार पाठीमागं वळतंय. तंबूगत उभा करा, न्हायतर पाटीगत हातात धरा. मावशींनी नुसतं बोट लावलं की महाराज सुरू.”

“आणि हा?”

“ह्यो साधा. उघडायचा, मिटायचा. टाईप करायला बरा, बाकी काय नखरे न्हाईत.”

अंबुबाईंची नजर पहिल्यावरच. “ह्योच घे गं. देवघरात उभा ऱ्हाईल.”

माधवीलाही ते पटलं. काम काय, कशावरही झालं असतं. महाराज सदा समोर दिसले तर आई दोन घास खाईल, एवढीच तिची आशा. तिनं पेनड्राईव्ह पुढं केला. पडद्यावर महाराज उभे राहिले. फेटा, गळ्यात हार, हातात चिपळ्या. संघर्षनं हौसेनं यंत्र उचलून आडवं केलं. चित्र क्षणभर डळमळलं आणि महाराज पुन्हा ताठ. त्यानं ते उलटं केलं, तरी महाराज ताठच.

“बघितलासा, मावशी? कसंबी फिरवा, महाराज उभेच.”

अंबुबाई हसल्या नाहीत. “आडवा निजव बघू त्येला.”

त्यानं यंत्र टेबलावर सपाट ठेवलं. तिघं वाकून बघू लागली. महाराजांच्या कानशिलावर घाम होता. बोलता बोलता त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. माधवी आणखी खाली वाकली. हे कीर्तन तिला पाठ होतं. या ठिकाणी त्यांचा पाय कधी हलला नव्हता.

“पाय दुखाय लागल्यात ह्यांचं,” अंबुबाई हळूच म्हणाल्या. “आन् आम्ही उभं करायचं यंत्र घ्यायला आलाव.”

“मावशी, ते फिरायचं सेटिंगमधनं बंद करता येतंय.”

“तुझ्या सेटिंगनं ह्ये बसतील व्हय रं?” त्यांनी साध्या लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला. “माधे, नुसतं उघडून मिटतंय ते घे.”

“पण आई, तुला बोटानं लावायला ते सोपं गं.”

“मला लावायचं न्हाय. मिटायचं हाय.”

दिवेलागणीला नवा लॅपटॉप देवघरापुढं पाटावर ठेवला. माधवीनं टाळ घेतले. कीर्तन सुरू झालं, रंगलं आणि नेहमीच्या जागी तुटलं. पडद्यावर महाराजांचा हात आरतीसाठी वर उचललेला, तसाच. अंबुबाईंनी निरांजन पेटवलं आणि फाटक्या आवाजात आरती उचलली. ताट आधी देवावरून फिरलं, मग पडद्यावरून. माधवीनं टाळ धरला. दुसऱ्या कडव्यापासून त्या टाळाखाली चिपळ्या ऐकू येऊ लागल्या, बरोबर ठेक्यात. मायलेकींपैकी कुणीही मान वळवली नाही.

आरती झाली. अंबुबाईंनी पाटाला डोकं टेकलं.

“बसा आता,” त्या म्हणाल्या, आणि निजलेल्याच्या अंगावर पांघरूण ओढावं तसं दोन्ही हातांनी झाकण मिटलं.

आतून कट्कन आवाज आला. झाकणाचा असेल, असं माधवीनं म्हटलंही असतं. पण त्यामागून एक लांब उसासा आला, आणि झाकण काही ‘पांडुरंगा’ म्हणत नाही.

ती गोठून बसली. अंबुबाई मात्र भिंतीला हात धरून उठल्या, पदरानं डोळे टिपले आणि स्वयंपाकघराकडं वळल्या.

“भाकरी हाय का गं?” त्यांनी विचारलं. “लई भूक लागलीया.”