कडेची नळी

वामन भोईरची शेड महाप्याला होती, ठाणे-बेलापूर रस्त्यापासून जराशी आत. कोपरखैरण्याच्या गावातली त्याच्या बापाची भातशेती नव्या शहरासाठी गेली, तेव्हा तो आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकत होता. पुढे त्यानं ही शेड घातली. आधी खिडक्यांच्या जाळ्या, मग पाण्याच्या टाक्या, मग आजूबाजूच्या केमिकल कारखान्यांचे पाइप. वामनचा जोड गळत नाही, असं त्या पट्ट्यात सगळे म्हणायचे. तेच ऐकून एकोणऐंशी साली दिलीप खानोलकर त्याच्या दारात आला.

खानोलकर मुंबईच्या एका संशोधन संस्थेत होता आणि वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायचा. रोज खाडीपूल ओलांडून बसनं कामावर जायचा. त्याला लोखंडाच्या चौकोनी नळ्या हव्या होत्या, वामनच्या उंचीच्या दुप्पट लांबीच्या. आतली हवा काढून त्यात वायू भरायचा आणि दोन्ही तोंडं कायमची बंद करायची. पण त्याआधी नळीच्या बरोबर मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसासारखी बारीक तार ताणून बसवायची.

"यातून जानार काय?" वामननं विचारलं.

"काही नाही. दक्षिणेत एक जुनी खाण आहे. तिथं खोल, दोन किलोमीटर खाली, या नळ्यांचे थर रचायचे आणि वाट बघायची."

वामनला वाटलं हा माणूस आपली चेष्टा करतोय. पण खानोलकर बाकड्यावर बसला आणि चहा येईस्तोवर समजावत राहिला. वामनची बायको सगुणा डबा घेऊन आली होती, तीही ऐकत उभी राहिली.

"हे लोखंड, हा कप, तुम्ही, मी, सगळ्यांच्या आत प्रोटॉन आहेत," तो म्हणाला. "त्या प्रोटॉनच्या आतही आणखी बारीक तुकडे आहेत, हे आता कळलंय. आजवर सगळे धरून चालले होते की प्रोटॉन अमर आहे. आता नवं गणित म्हणतं, तोही कधीतरी फुटत असणार. फुटत असेल, तर हे सगळे बारीक तुकडे मुळात एकाच कुळातले."

"कधी फुटतो पन?"

"एकाच प्रोटॉनकडे बघत बसलात तर जगाचं वय पुरायचं नाही. पण टनांनी लोखंड एकत्र ठेवलं, तर त्यातला एखादा वर्षा-दोन वर्षांत फुटेल. मोठ्या गावात कुणाचा ना कुणाचा दहावा असतोच, तसं. तो फुटला की कण उडतात. ते ज्या नळीतून जातील, त्या नळीची तार आम्हाला सांगते."

"मंग खानीत कशाला जायाचं?" सगुणानं विचारलं.

"वरून आकाशातून सारखे कण पडत असतात, वहिनी. त्या गोंगाटात हे ऐकू येणार नाही. खाली बरीचशी शांतता असते. तरी चुकूनमाकून एखादा बाहेरचा कण पोचतोच."

वामननं काम घेतलं. लोखंडाचं त्याला जमलं, तार मात्र जमेना. वेल्डिंगनं जाड झालेल्या त्याच्या बोटांत ती नुसती सापडायचीही नाही. मग सगुणा बसली. तारेला एवढीशी मुरड पडली तरी ती वाया जायची. पहिल्या आठवड्यात तिनं रडतच कितीतरी तारा फेकल्या. नंतर हात बसला. श्वासाची वाफ तारेवर बसू नये म्हणून नाकातोंडाला पदर गुंडाळून ती दिवसभर तारा ओवायची आणि ताण नीट बसला की मगच मान वर करायची. पोरं आजीकडे वाढत होती. असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. नळ्यांचा शेवटचा ट्रक गेला त्या दिवशी शेड फार मोठी दिसायला लागली.

त्यानंतर खानोलकर खाणीवरून परतला की एखाद्या रविवारी यायचा. सुरुवातीला फक्त बाहेरचे कण दिसत होते. वामन विचारायचा, "आला का आपला पावना?" तो हसून नाही म्हणून मान हलवायचा.

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात तो आला, तेव्हा दाढी वाढलेली होती आणि चहा समोर ठेवला तरी त्यानं हात लावला नाही. त्यानं वामनकडून खडू मागितला आणि पत्र्यावर नळ्यांचे थर काढले. मग मधून एक तिरकी रेघ ओढली.

"हा बघा. एवढ्या नळ्या एकदम बोलल्या. मधे या ठिकाणाहून एक रेघ इकडे गेली, एक तिकडे. आतच काहीतरी फुटलं तर अगदी असंच दिसायला पाहिजे. फक्त ही डावीकडची रेघ कडेपाशी येऊन थांबते. आता कडेची नळी गप्प राहिली असेल, तर सगळं आतच घडलं. ती बोलली असेल, तर बाहेरून एक साधा कण आला आणि आत येऊन कशावर तरी आपटला. सगळं त्या एका नळीवर आहे."

"मंग? बोल्ली का गप होती?"

"ती मेलेली होती, वामनशेठ. आधीपासूनच बंद पडली होती. आमच्या लक्षात आलं ते नंतर."

सगुणा मागे उभी होती. तिनं विचारलं, "तार तुटली का?"

"माहीत नाही. केबल तपासली, यंत्रं तपासली, ती ठीक आहेत. तार असेल, वायू गळला असेल. प्रवासात हादरा बसला असेल. खाली उष्णता भयंकर आहे. काहीही असू शकतं."

पुढच्या महिन्यात वामन स्वतःहून त्याच्याबरोबर खाणीत गेला. सोबत पंप, जोडण्या, सगळं सामान घेतलं. पिंजऱ्यात उभं राहून खाली जाताना त्याचे कान बंद झाले. खाली दगड हाताला गरम लागत होता. बोगद्याच्या एका मोठ्या पोकळीत त्याच्या नळ्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या, एक थर आडवा, एक उभा. ती मेलेली नळी त्याला लगेच सापडली. मधल्या थरातली, अगदी कडेची. तिचं तोंड त्याच्या छातीच्या उंचीवर होतं.

त्यानं तोंडावरचं, वायू भरून बुजवलेलं टोक कापून तिथं जोडणी केली, जुना वायू काढला, नवा भरला. खानोलकरनं वीज दिली. दोघं यंत्राच्या पडद्याकडे बघत बसले. शेजारच्या नळ्या अधूनमधून बोलत होत्या. ही बोलली नाही.

"आतली तारच गेली," वामन म्हणाला. "नली भायेर काढावी लागल. मी हितंच करून देतो."

"वरचे सगळे थर उतरवल्याशिवाय ती निघणार नाही. उतरवायचे म्हणजे सगळं महिनोन्‌महिने बंद. तेवढ्यात दुसरा प्रोटॉन फुटला तर?" मग खानोलकर म्हणाला, "आणि ती दुरुस्त झाली तरी त्या दिवशी ती काय बोलली असती, ते आता कुणालाच कळणार नाही."

वामननं नळीवर हात ठेवला. इतक्या जवळ होती. त्यानं ती उगाचच एकदा ओढून बघितली. वरचं टनावारी लोखंड जसंच्या तसं राहिलं.

घरी आल्यावर सगुणानं एकच विचारलं, "ती मी ओवलेली का?"

"सगल्या तूच ओवलेल्या."

"तसं नाय. ती नली ओवली त्या दिवशी मला ताप हुता का, पोरगं आजारी हुतं का, काय तरी असल ना."

वामनला आठवेना. आठवण्यासारखं काही नव्हतंच, एका नळीसारखी दुसरी. पण सगुणा कित्येक दिवस तेच शोधत राहिली. स्वयंपाक करताना मधेच थांबायची आणि म्हणायची, "दिवालीच्या आधी मी दोन दिस घाईत हुते." वामन म्हणायचा, "सोड आता."

संस्थेनं तो प्रसंग अनिर्णित म्हणून नोंदवला. परदेशातल्या लोकांनी याच शोधासाठी जमिनीखाली पाण्याच्या प्रचंड टाक्या बांधल्या होत्या, आणि त्यांना काहीच दिसलं नव्हतं. खानोलकरच्या संस्थेतले वरिष्ठ म्हणायला लागले की तो बहुधा बाहेरचाच कण असणार. खानोलकर वाद घालत नसे. वाद घालायला हातात काही नव्हतं. वाशीच्या बसस्टॉपवर वामनला तो कधी दिसायचा, तेव्हा केस भराभर पांढरे होत चाललेले दिसायचे.

सत्त्याऐंशी साली नव्या नळ्यांचं काम निघालं आणि खानोलकर पुन्हा महाप्याला आला. दुसरीकडे देऊ नका, वामनकडेच द्या, असं त्यानं संस्थेत भांडून ठरवलं होतं. नमुन्यादाखल एक नळी करायची होती. वामननं ती सकाळीच तयार ठेवली. सगुणा पदर गुंडाळून बसली.

तार पहिल्या टोकातून आत गेली आणि वाकली. तिनं दुसरी घेतली. तीही वाकली. तिसरीही वाकली, तेव्हा वामननं उठून तिच्या हातातून तार काढून घेतली.

"वहिनी, राहू द्या आजच्या दिवस," खानोलकर म्हणाला. "तुम्हाला कुणी दोष देत नाहीये. कधीच दिला नाही."

"तेच तर," सगुणा म्हणाली. "कोनी दिला असता तर मी भांडले तरी असते."

शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला, पाळी सुटली, रस्त्यावरून माणसं जायला लागली. वामननं दोन बाया गावातून बोलावून शिकवतो म्हणून सांगितलं, पण सांगताना त्याचा आवाज पडला, आणि खानोलकरनंही ते लावून धरलं नाही. काम पुण्याच्या एका कारखान्याला गेलं.

सगुणा पुन्हा शेडमध्ये आली नाही. वामन डबा आता सकाळीच घेऊन निघतो. खानोलकर अजून वर्षातले काही महिने खाणीवर असतो. तिथं नव्या नळ्या लागल्या आहेत. त्या सगळ्या नीट चालतात, आणि अजून काही दिसलेलं नाही.